लिफ्ट फक्त खाली जाते

गिरगावात अखेर लिफ्ट आली.

सरकारी लिफ्ट आहे. चकचकीत, गार, आणि आमच्या चाळीतल्या एका बिऱ्हाडाचा संसार आत मांडता येईल एवढी ऐसपैस. एकच गोष्ट जरा वेगळी. ती रस्त्यापासून सुरू होते आणि तिथून खाली जाते. वर जायचं असेल तर त्याची सोय पूर्वीप्रमाणेच ज्याची त्याने करायची.

माझी आत्या गिरगावातल्या एका वाडीत तिसऱ्या माळ्यावर राहते. वय सत्त्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. जिना लाकडी. अकराव्या पायरीपाशी कठड्याचा दांडा नाही. तिथे चाळकऱ्यांचा हात आपोआप भिंतीकडे जातो आणि पाहुण्यांचा हवेत. तिला भुयारी मेट्रो दाखवायला घेऊन निघालो, तर तीन माळे उतरायला अकरा मिनिटं लागली. मधे दोन थांबे झाले. एक दम खायला, दुसरा पहिल्या माळ्यावरच्या वहिनींना "मेट्रोला चाललेय" हे सांगायला. रस्त्यापासून खाली फलाटापर्यंतची खोली चाळीच्या उंचीहून कमी नसेल. ती लिफ्टनं मिनिटाभरात संपली. आत्या बाहेर आली, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि म्हणाली, "म्हणजे पाताळात बिऱ्हाड केलं असतं तर लिफ्ट मिळाली असती म्हणायची."

समोर पाटी होती : गिरगाव.

ती पाटी आत्याने दोनदा वाचली. तिला वाचायला त्रास होत नाही, पण हे नाव तिने स्टेशनावर कधी वाचलंच नव्हतं. आगगाडी मुंबईत येऊन पावणेदोनशे वर्षं होत आली, पण गिरगावकराचं स्टेशन कोणतं, तर चर्नी रोड. हे नाव कुठून आलं त्याची गोष्ट सांगतात ती अशी. १८३८ साली इंग्रजांनी गुरं चारायला कर बसवला. गरीब गुराख्यांना तो परवडेना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंनी पदरचे २० हजार रुपये घालून ठाकुरद्वारजवळ कुरण विकत घेतलं. तिथे गुरं फुकट चरू लागली म्हणून ते चरणी, चर्नी. म्हणजे या भागात बैलाच्या सोयीचं स्मारक झालं, माणसाच्या गावाचं झालं नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने चर्नी रोडचं नाव गिरगाव करायचं ठरवलं. करी रोडचं लालबाग आणि मरीन लाइन्सचं मुंबादेवी करण्याचा निर्णयही त्याच बैठकीतला. तेवढ्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रोने खालून येऊन ते नाव आधी उचललं. उद्या चर्नी रोडचंही गिरगाव झालं की दोन गिरगावं होतील, एक वर आणि एक खाली. "गिरगावला भेटू" म्हणणाऱ्या पोरापोरींचं लग्न त्यापायी मोडलं, तर मेट्रोकडे तक्रारपेटी आहे.

नाव मिळायला एवढा वेळ लागला यात नवल नाही म्हणा. इथे नानांची काय गत झाली ते बघा.

नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर पहिली गाडी धावली, ती ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची, तिच्या संचालकांत नाना होते. कंपनीला कचेरीसाठी त्यांनी आपल्या गिरगावातल्या वाड्यात जागा दिली, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गिरगावातून मेट्रो ज्या रस्त्याखालून जाते तो रस्ता त्यांच्याच नावाचा. असा माणूस, असा रस्ता, आणि त्याखाली स्टेशन. नाव कोणाचं देणार? उघड आहे. म्हणून नानांना स्टेशन मिळालं ते मुंबई सेंट्रलला. 'जगन्नाथ शंकरशेट मुंबई सेंट्रल'. थोडक्यात, नानांचंही पुनर्वसन झालं. गिरगावच्या प्रकल्पात बाधित, आणि पर्यायी जागा दोन स्टेशनं पलीकडे.

तसे नाना नशीबवानच. काही स्टेशनांच्या नावाआधी आता बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड लागतात. आमच्याकडे सत्यनारायणाच्या पत्रिकेवर "सौजन्य" म्हणून दुधवाल्याचं नाव असायचं, पण ते निदान खाली असायचं.

नावाचं हे असं झालं, आता गाडीचं. लंडनमध्ये जमिनीखालची पहिली गाडी १० जानेवारी १८६३ ला सुरू झाली, तीही वाफेच्या इंजिनाची. भुयारात धूर, डब्यात धूर, आणि तरी लोक तुटून पडले. त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' छापून आलं. मुंबईवरचं हे मराठीतलं पहिलं पुस्तक. विलायतेने बोगदा काढला, आम्ही पुस्तक काढलं. नाना त्या वेळी हयात होते. बोगद्याची बातमी त्यांच्या कानी गेली असेलच, आणि गेली असेल तर ते मनाशी म्हणाले असतील, चला, आपल्याकडेही पाच-दहा वर्षांत होईल. झालं. १६१ वर्षांत झालं. कलकत्त्याने मधेच, २४ ऑक्टोबर १९८४ ला, आपली भुयारी गाडी सोडली. पण तिथल्या लोकांना कसलीच घाई नसते म्हणे, म्हणून ते आधी पोचतात.

मुंबईने मधल्या काळात काय केलं? घोडे पाळले.

९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असं सांगतात. भाडं तीन आणे. गंमत अशी की सुरुवातीला तिकीटच नव्हतं, पैसे द्या आणि बसा. त्यावर मुंबईकराने जे करायचं तेच केलं, नुसताच बसला. मग त्याच वर्षी फुकट्यांना आळा घालायला तिकिटं छापावी लागली. आजच्या मेट्रोच्या दाराशी ते काचेचे पंख फटकन उघडतात आणि मिटतात ना, त्यांचा मूळपुरुष हा १८७४ चा फुकट्या. पुतळा त्याचा व्हायला हवा होता.

आणखी एक गोष्ट त्या ट्रामने केली, ती सांगितली तर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. भाडं कमी केलं. तीन आण्यांचे दोन आणे झाले, आणि १८९९ मध्ये एक आणा.

आता ९ मे ही तारीख लक्षात ठेवा, कारण मुंबईने ती १५१ वर्षांनी थाटात साजरी केली. ९ मे २०२५, शुक्रवार. त्या दिवशी याच भुयारी मेट्रोचा, म्हणजे मेट्रो तीनचा, दुसरा टप्पा, वांद्रे-कुर्ला संकुल ते वरळीचा आचार्य अत्रे चौक, याचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी बेस्टचं किमान भाडं पाच रुपयांवरून दहा झालं, वातानुकूलित बसचं सहावरून बारा. एकाच शुक्रवारी खाली फीत कापली आणि वर खिसा. मेट्रोचंही किमान भाडं दहाच रुपये. तेव्हा आता पर्याय असा, की दहा रुपयांत थंडगार पाताळात जा, किंवा दहा रुपयांत थांब्यावर घाम पुसत उभे राहा. बस येईपर्यंत उभं राहणं तेवढ्यात धरलेलं आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

बेस्टबद्दल आत्याकडे वाईट बोलायची सोय नाही. तिच्या माहेरी एक काका बेस्टमध्ये होते आणि त्या एका काकांवर तिघींची लग्नं जमली. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस निघाली, तिला यंदा शंभर वर्षं होताहेत. शतायुषी माणसाचं जसं होतं तसंच बेस्टचं झालंय : सत्कार मोठे, औषधपाणी बेतानं. एकेकाळी साडेचार हजारांच्या घरात बसगाड्या होत्या. आता तीन हजारही नाहीत आणि त्यातल्याही बऱ्याचशा भाड्याच्या. शंभराव्या वर्षी माणसाने भाड्याच्या घरात राहावं हे गिरगावकराला नवीन नाही, पण निदान पागडी तरी असते.

ट्राममध्ये मात्र आत्याचा जीव अडकलेला. गिरगाव रोडवरून ट्राम जायची तेव्हा ती परकरातली पोर होती. घोड्यांची नव्हे, विजेची. घोडे केव्हाच सुटले होते. नंतर एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ ला रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला निघाली, तेव्हा तिच्या वडिलांनी तिला मुद्दाम बघायला नेलं होतं. ही गर्दी, म्हणते. लोक टपावर, लोक फुटबोर्डावर, आणि रस्त्यावर दुतर्फा उभे. "रोज जी रिकामी जायची तिला पोचवायला अख्खी मुंबई," ती म्हणते. "मयताला येतात ना, तशी."

ट्राम गेली आणि तिच्या जागी आणलेली विजेची ट्रॉलीबस, गोवालिया टँक ते माझगाव डॉक, नऊ वर्षंही टिकली नाही. १९७१ मध्ये तीही गेली. दक्षिण टोकाला तर याहून कमाल आहे. कुलाब्याला रेल्वेचं चांगलं टर्मिनस होतं. १९३० च्या अखेरीला ते बंद करून गाडी चर्चगेटला थांबवली. ९५ वर्षांनी मेट्रो पुन्हा कफ परेडपर्यंत गेली, आणि कुलाब्याला रेल्वे मिळाली म्हणून पेढे वाटले. मुंबईत वाहतुकीचा विकास हा असा, जे उखडलं तेच पुन्हा, फक्त खाली आणि महाग.

महाग किती? सुरुवातीचा अंदाज २३ हजार १३६ कोटींचा होता, तो ३७ हजार कोटींच्या वर गेला. पण आपण बोगदा केला आहे, साडेतेहतीस किलोमीटरच्या मार्गातलं एक आरे सोडलं तर सगळी स्टेशनं जमिनीखाली. १७ यंत्रं एकाच शहराच्या पोटात शिरली. त्यांना नावं दिली नद्यांची. तानसा, वैतरणा, कृष्णा, गोदावरी. आमच्या चाळीत तानसा-वैतरणेची वाट पहाटे साडेचारला पिंप मांडून बघतात. त्याच तानसा-वैतरणा जमिनीखालून खडक फोडत जाताहेत हे पेपरात वाचून आत्या म्हणाली होती, "मग नळाला का नाही येत?"

गिरगाव आणि काळबादेवीला तर वरून खड्डा खणायलाही जागा नव्हती. समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून वाटीभर आमटीची देवघेव होऊ शकेल एवढे ते रस्ते. तेव्हा एका बाजूला विवर खणून, आत शिरून, खडक थोडा थोडा फोडत आणि फोडलेल्या जागी लगेच काँक्रीटचा फवारा मारत ही स्टेशनं आतून कोरून काढली. इंजिनियर याला नवी ऑस्ट्रियन पद्धत म्हणतात. ऑस्ट्रिया कशाला हवा होता? दहा बाय बाराच्या खोलीत कोणाला कळू न देता पोटमाळा काढायची कला गिरगावात तीन पिढ्यांची आहे. हा पोटमाळाच, फक्त उलटा.

वरती मात्र सगळ्यांना कळत होतं. रस्त्यावर पत्रे उभे राहिले आणि वर्षानुवर्षं उभेच राहिले. एका फराळवाल्याने पत्र्यावर खडूने बाण काढून लिहिलं होतं, "दुकान चालू आहे, आडवे व्हा." त्याला बहुधा "आडवाटेने या" म्हणायचं होतं, पण त्या दिवसांतला धंदा बघता पहिलंच खरं होतं. स्टेशनांच्या दारांसाठी काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या. तिथल्या लोकांना तिथल्या तिथे घरं द्यायचं ठरलं. त्यांतला एकजण आत्याकडे दर गणपतीला येतो. खिडकीतून आपली जुनी जागा बघतो आणि सांगतो, "तो सरकता जिना आहे ना, तिथे आमचं देवघर होतं."

आचार्य अत्र्यांच्या वाट्याला आलेला चौकही सोडून चालणार नाही. १० मे २०२५ ला ते स्टेशन लोकांसाठी खुलं झालं. २६ मे ला पाऊस तारखेच्या कितीतरी आधी मुंबईत आला आणि दुपारपर्यंत अत्रे चौकाच्या फलाटावर उतरला. तिकीट न काढता. गाड्या वरळीपर्यंतच ठेवाव्या लागल्या. स्टेशन सोळा दिवसांत पाण्याखाली जाणं, असं गेल्या दहा हजार वर्षांत झालं नसेल. आणि ते ज्यांच्या नावाने झालं त्यांच्याइतका तो दहा हजारांचा आकडा दुसऱ्या कोणाला शोभलाही नसता. अत्रेसाहेब असते तर दुसऱ्या दिवशीच्या 'मराठा'तून जे वाहिलं असतं, त्यापुढे ते पाणी ओसरलं असतं.

आत्याला मी फलाटावरच्या गर्दीकडे बोट दाखवून विचारलं, "यातले गिरगावकर किती गं?" तिने चष्मा सारखा केला, डबाभर माणसं उतरताना निरखली आणि म्हणाली, "तो जाडा. त्याची आई माझ्याबरोबर भजनाला होती. पण तो आता बदलापूरला असतो."

हेच. स्टेशन आलं तेव्हा गिरगावकर कुठे आहे? आत्याचा थोरला डोंबिवलीला, धाकटा नालासोपाऱ्याला, मी बोरिवलीला. कोणी हाकललं नाही आम्हाला. लोकलनेच नेलं, पास काढून, हप्त्याहप्त्याने. दोन भावांची लग्नं झाली, खोली एकच, तेव्हा एकाने नऊ-दहाची जलद पकडली आणि वन बीएचके घेतला. नानांनी गाडी आणली ती गिरगावात माणसं आणायला की गिरगावातून न्यायला, याचा हिशेब करायला बसलं तर जमेपेक्षा खर्चाची बाजू लांब निघेल. आता आम्ही पाडव्याच्या शोभायात्रेला फेटे बांधून गिरगावात येतो, कपाळावर चंद्रकोर काढतो, "आम्ही अस्सल गिरगावकर" असं एकमेकांना सांगतो आणि साडेबाराची स्लो पकडून घरी जेवायला जातो. डोंबिवलीचा दादा हल्ली सीएसएमटीला उतरून मेट्रोनं आत्याकडे येतो. दोनच स्टेशनं. दोन स्टेशनं जायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा पाताळात उतरून वर यायला जास्त लागतो. मग तीन माळे. पण वातानुकूलित आला म्हणून घाम पुसत सांगतो.

आत्याला त्या दिवशी दादरपर्यंत जायचं होतं. दादरला तिची मैत्रीण राहते, टीटीपाशी. आम्ही बसलो. आजूबाजूला अंधार, खिडकीत आपलाच चेहरा. आत्या दहा मिनिटं त्या चेहऱ्याकडे बघत होती. वरळी गेल्यावर म्हणाली, "बाहेर काहीच दिसत नाही. चोरासारखं वाटतं गावातून जाताना."

दादरला वर आलो. आत्याला दिशा लागेना. टीटी पूर्वेला, आम्ही पश्चिमेला. मी फोनमध्ये नकाशा उघडतोय तोवर ती थेट एका गणवेशातल्या पोराकडे गेली. विशीचा असेल, गळ्यात ओळखपत्र, नम्र.

"बाळा, टीटी कुठे रे?"

पोरगा दचकला. आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "आजी, काय झालं? तिकीट नाही काढलंत का?"

"अरे, टीटी! दादर टीटी!"

"इथे टीटी नसतो आजी. सगळं मशीनवर आहे."

दादर टीटी म्हणजे दादर ट्राम टर्मिनस, हे त्याला कोण सांगणार? ट्राम जाऊन बासष्टावं वर्ष चालू होतं. मी पुढे होऊन सांगणार, तेवढ्यात आत्याने मला हाताने मागे सारलं.

"नसतो कसा?" ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी दाखवलाय मला. बरोबर रात्री दहाची ट्राम होती."

पोराने वॉकीटॉकी तोंडाशी धरला.